जत्रेतली धरलेली जागा

मेलेल्या माणसाला गेममध्ये बसू द्यायचं की नाही, हे कुणी मला विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. मी नववीतून शाळा सोडलेला. घर लांब, तापीच्या पलीकडं, आणि शिर्डीत एका लॉजच्या लाँड्रीत चादरी धुतो. माझं मत कुणी विचारलं की आधी वाटतं, आता आपलं काय चुकलं.

दुपारी खोल्या रिकाम्या झाल्या की चादरींचे ढीग खाली येतात. धुऊन गच्चीवर वाळत घातल्या की वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कुणीतरी तिथं थांबावं लागतं. तो मी. त्या पांढऱ्या रांगांच्या सावलीत बसून मोबाईलवर खेळायचो. गेम साधाच. टोळी करायची, गाव राखायचं, लुटारू आले की मिळून हाणायचे. अधूनमधून कंपनी काही दिवसांची जत्रा भरवायची. आमच्या टोळीच्या म्होरक्या होत्या राजूरच्या ताई, बाजारात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. आणि कर्जतचा दादा, टेम्पोवाला. बाकीचे येऊन-जाऊन असायचे.

मी तापानं पडलो तेव्हा लॉजमधल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. टोळीत मात्र ताईंनी विचारलं, आणि दादा माल उतरवून, वाट वाकडी करून लॉजच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"तूच का रे त्यो? गेममधी लई उड्या मारतोस. हितं फुंकलं तर उडशील."

पिशवीभर लिंबं हातात दिली. "वहिनीनं दिल्यात. सरबत करून पी, न्हाईतर घरी गेल्यावर माझं डोकं खाईल."

ज्या बाईनं मला पाहिलंही नव्हतं तिनं माझ्यासाठी लिंबं मोजून-निवडून भरली होती. ते उपकार मी विसरू शकत नाही.

जत्रेत प्रत्येक टोळीला एक पार मिळायचा, आणि त्यावर जागा थोड्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं आम्ही तिथं करायचो. गेममधला रुमाल जागेवर टाकायचा आणि कुणासाठी ते सांगायचं. दुसऱ्या टोळ्या या भानगडीत पडत नसत. आम्ही मात्र इकडचेच, जागा धरल्याशिवाय चैन कुठं पडणार. दादाला नेहमी उशीर, म्हणून त्याची जागा मी धरायचो. कुठंवर आलास विचारलं की तो एक तयार करून ठेवलेलं वाक्य दाबायचा, "पाचच मिनिटं. निघालोच." मग त्या दिवसाची जत्रा अर्धी उरकल्यावर वेशीतून यायचा. हिरवा फेटा, आणि चालता चालता मधेच उडी मारायची खोड.

पुढं दादाला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली, आणि गेला. ताईंचा फोन आला तेव्हा मी ओल्या चादरी पिळत होतो.

त्यानंतरची जत्रा अगदीच सुनी गेली. बरीच पोरं गेम सोडून गेली होती. प्रत्येक जत्रा संपली की कंपनी विचारायची, कशी वाटली, काय बदलावं. ताई सगळ्यांना विचारून टोळीच्या वतीनं लिहायच्या. त्या वेळी त्यांनी लिहिलं, "जत्रा ओस वाटते. आतषबाजी नको, नवे कपडे नको. माणसं दिसू द्या. आमची माणसं." आम्ही सगळे म्हणालो, एकदम बरोबर.

कंपनीनं ऐकलं.

पुढच्या जत्रेत मैदान माणसांनी गच्च भरलेलं. मी पारावर गेलो आणि हात सवयीनं चालला. दादाच्या जागेवर रुमाल पडला. थोड्या वेळानं वेशीतून हिरवा फेटा आला. चालता चालता त्यानं मधेच उडी मारली. पारावर चढला, माझ्या शेजारी बसला. वर शब्द उमटले, "आलो रे आलो."

मी मोबाईल चादरीवर उपडा ठेवला. लगेच तो वाजला. ताई होत्या.

"तू बघितलंस का?"

"ताई, वहिनी खेळत असतील त्याच्या मोबाईलवर."

"त्यो मोबाईल तिनं कवाच बंद करून कपाटात ठेवलाय. आत्ताच विचारलं मी." मग त्यांनी कंपनीची सूचना वाचून दाखवली. टोळीतलं जे माणूस जत्रेला आलं नाही, त्याला गेमच आणणार, आणि त्याच्यासाठी जागा धरली असेल तर तिथं बसवणार. त्याचीच चाल, त्याचीच वाक्यं. "आपनच मागितलं हुतं रे," ताई म्हणाल्या. "माणसं दिसू द्या म्हून."

ताईंनी विचारल्यामुळं वहिनीला कळलं. दुसऱ्या दिवशी वहिनींचाच फोन. "भावजी, मला दाखवाल का?"

नाही कसं म्हणणार? सुट्टी घेऊन एसटीनं कर्जत गाठलं. अंगणात टेम्पो ताडपत्री घालून उभा होता. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी गेम उघडला, रुमाल टाकला. जागेवर अजून कुणी नव्हतं. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "कुठंवर आलात?"

उत्तर आलं, "पाचच मिनिटं. निघालोच."

मला वाटलं, आता रडतील. त्या उठल्या आणि गॅसवर तवा ठेवला. परातीत पीठ घेतलं.

"पाच मिनिटं म्हंजी अर्धा तास," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय न्हवं."

भाकरी झाल्या. एक ताट माझ्यापुढं, एक त्यांच्यापुढं, आणि एक भिंतीकडेला, पाट मांडून. पिठलं गरम होतं, पण मला घास उतरेना. मोबाईल मधे जमिनीवर पडलेला. तो उजळला. "आलो रे आलो."

वहिनींनी दाराकडं पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर वाऱ्यानं ताडपत्री एकदा टेम्पोवर आपटली आणि गप्प झाली.

जत्रा चालू होती तोवर रोज दुपारी त्यांचा फोन यायचा. "रुमाल टाकला का? कुठंवर आलेत?" मी स्क्रीनवर दिसेल ते वाचून सांगायचो. एक दिवस आवाज फार बारीक आला. "काल जेवलेच न्हाई, भावजी. थांबले हुते." त्या दिवसापासून गच्चीवर वाऱ्यानं चादर फुगली की तिच्या मागं कुणी उभं आहे असं वाटायचं, आणि मी उठून बघायचो.

जत्रा संपली. कंपनीनं विचारलं, कशी वाटली? ताईंनी फोन केला.

"सगळ्यांनी पाच तारे दिल्यात. लई भारी म्हनत्यात. शेवटचा प्रश्न हाय, ही सोय आपल्या टोळीला ठेवायची का. रुमाल तू टाकतोस, तूच सांग."

"वहिनींना विचारलं?"

"तिला काय इचारायचं? ती व्हयच म्हनंल."

"नको म्हटलं तर दादा परत दिसायचा नाही?"

"न्हाई."

मला त्या लिंबांची आठवण झाली. वहिनी पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत, असंही वाटलं. इथं मला भावजी म्हणणारं दुसरं कुणी नाही.

"लिहा ताई," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी जागा धरली तो स्वतः आला नाही, तर जागा रिकामीच दिसू द्या."

पलीकडं ताईंच्या दुकानातलं मशीन तेवढं चालू असल्याचं ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "लिवलं."

पुढची जत्रा भरली. मी रुमाल टाकून बसून राहिलो. वेशीतून दुसऱ्या टोळ्यांची माणसं येत होती, कोण खरं, कोण नुसतं आणून सोडलेलं, कळत नव्हतं. आमच्या पारावर कुणी चढलं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, कुठंवर आलेत?"

"नाही आले, वहिनी. आता यायचे नाहीत."

"तुमी बंद करायला सांगितलं व्हय?"

"व्हय."

पलीकडून ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. एकाच ताटाचा.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी जेवून घेते."