धम्मपालनं न काढलेला फोटो

उचगावात धम्मपाल फोटोवाल्याचा विषय निघाला, की माणसं आधी त्याच्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगायची आणि मग त्याचं. दोन हजार सात साल उजाडलं, कालच्या पोरांच्या हातात डिजिटल कॅमेरे आले, तरी हा गडी आपला तोच जुना यशिका गळ्यात घालून लग्नाला हजर. कॅमेऱ्याचं मीटर कधीच बंद पडलेलं. उजेडाचा अंदाज नजरेनं घ्यायचा, लेन्सचं कडं बोटांनी फिरवत फोकस करायचा, आणि रोल धुवायला शहरात शिवाजी पेठेत चक्कर मारायची. "कलाकार माणूस हाय," असं लोक म्हणत. शिवाय कुणी म्हातारंकोतारं समोर येऊन उभं राहिलं, की हा त्याचा फोटो काढायचा आणि घरी नेऊन द्यायचा, तोही फुकट. या गुणाचं तर भारीच कौतुक. आणि नेमकं तेच कौतुक ऐकून धम्मपालचं तोंड कडू व्हायचं.

कारण जुनं होतं. नव्वदीच्या दशकात त्याचा धंदा नवा, रोल महाग, आणि लग्नात हौशी माणसं उदंड. नवरानवरीच्या शेजारी उभं राहायला अख्खं गाव रांग लावायचं. यजमान मात्र आधीच कानात सांगून ठेवायचा, "घरच्यांचं नीट काढ, बाकीच्यांवर रोल घालवू नगंस." मग फोटोवाल्यानं करावं काय? कॅमेरा डोळ्याला लावायचा, "हसा" म्हणायचं, आणि कॅमेऱ्याचं बटण न दाबता फ्लॅशच्या पाठीवरचं बारकं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, फिल्म जागची हलत नाही. बँडच्या दणक्यात कॅमेऱ्याचा खटका ऐकायला कोण बसलंय! धंद्यात बरेचजण हे करत. धम्मपालही करायचा, आणि आपला हात किती सफाईदार झालाय म्हणून वर स्वतःवर खूशही व्हायचा.

अशाच एका लग्नात त्याच्या गल्लीतली मीनाबाई पुढं आली. सोबत नवरा, केरबा. दोघं जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबलेली.

"धम्मा, आमचं दोगांचं एक काढ की बाबा. एकत्र कदी निघालाच न्हाय."

केरबा लाजून मागं सरत होता. तिनं दंडाला धरून त्याला ओढला, त्याची टोपी सारखी केली, मग स्वतःचा पदर. रोल संपत आला होता आणि वरात अजून निघायची होती. धम्मपालनं नुसता फ्लॅश मारला. उजेडानं केरबा दचकला आणि स्वतःच्याच दचकण्याला खुदकन हसला.

त्याच थंडीत केरबा गेला. दोन दिवसांनी मीनाबाई धम्मपालच्या दुकानात आली.

"त्यो फोटू दे बाबा. त्येंचा दुसरा फोटूच न्हाय घरात. पुण्यानुमोदनाला फुलं कशाफुडं वाहू?"

खरं बोलायची वेळ हीच होती, हे धम्मपालला कळत होतं. तो म्हणाला, "मावशी, त्यो रोलच खराब झाला. आत उजेड शिरला."

मीनाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मग तुजं बी किती नुकसान झालं आसंल रं."

पुण्यानुमोदनाला टेबलावर केरबाची टोपी ठेवली होती. माणसं येत होती आणि टोपीपुढं फुलं वाहत होती. धम्मपाल सगळ्यांच्या मागं उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर त्यानं तसा फ्लॅश कधी मारला नाही. पुढं डिजिटल घ्यायची ऐपत आली, तरी घेतला नाही. तिथं फुकटात हवे तेवढे फोटो निघतात. त्याला प्रत्येक फोटोला पदरची फिल्म जाळायची होती. ही त्यानं स्वतःला लावून घेतलेली शिक्षा होती, आणि गाव तिला कला म्हणत होतं.

मग मीनाबाईच्या नातीचं, संघप्रियाचं लग्न ठरलं. मीनाबाई हटून बसली, "धम्माच्याच कॅमेऱ्यात काढायचं. त्यातच आमचं मालक हसलंतं."

त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले. फोटोसाठी मीनाबाईला खुर्चीत बसवलं. कुणीतरी शेजारची रिकामी खुर्ची उचलायला गेलं, तशी ती ओरडली, "ऱ्हाऊ दे ती. त्येंची हाय."

धम्मपालनं कॅमेरा डोळ्याला लावला, कडं फिरवलं, आणि खाली घेतला. चार पावलं चालून तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"मावशी, रोल खराब झाला न्हवता. त्या दिवशी तुमचा फोटो मी काढलाच न्हाय. नुसता फ्लॅश मारलाता. फसवलं मी तुमास्नी."

मांडवातली माणसं माना वळवून बघू लागली. मीनाबाई खुर्चीतून पुढं झुकली.

"आसं कसं? उजेड पडलाता की! मी सोता बघितला. ह्येंचं डोळं दिपलं."

"उजेड पडला मावशी, पर फोटो..."

"गप रं!" ती माणसांकडं वळली. "बघा ह्यो खुळा! रोल जळाला त्यो जळाला, आन ह्यो इतकी वर्सं सोताला दोष देत बसलाय. आता मला बरं वाटावं म्हणून सगळं सोतावर घ्याय लागलाय. आसलं काळीज कुटं बघाय मिळायचं न्हाय."

संघप्रियानं डोळे पुसले. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीनाबाईनं चप्पल काढून चार माणसांत हाणली असती, तर धम्मपालनं ती सोसली असती. या टाळ्या त्याला सोसवेनात. खरं सांगायलाही त्याला फार उशीर झाला होता, आता ते कुणी घेत नव्हतं.

"ऊठ की," मीनाबाई म्हणाली. "आन ह्यो नीट काढ."

टाळ्या थांबेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.