वाघिणीची लव

रविवारी दुपारी माझी तेरा वर्षांची मुलगी टीव्हीसमोर मांडी घालून मारामारीचा गेम खेळत होती. या गेमचे तीन भाग आले, पण खेळाडू निवडताना ती एकीलाच घेते. अर्धी बाई, अर्धी वाघीण. कोपरापर्यंत दाट पिवळी लव, मागे शेपूट.

"दरवेळी हीच का गं?" मी विचारलं.

"हिच्या हातांवर एवढे केस आहेत, तरी हिला कोणी हसत नाही," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

वाघीण जिंकली. तिने दोन्ही हात उंच केले, तेव्हा तिची लव उन्हात धरल्यासारखी चमकली. जनावराला आपल्या अंगाची लाज नसते. माणसाचं पिल्लूही ती घेऊन जन्माला येत नाही.

मुलगी पाणी प्यायला उठली. उठताना तिने भर उन्हाळ्यात घातलेल्या लांब बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. तिच्या वर्गातल्या पोरांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग बाथरूमच्या फळीवरची केस काढायच्या क्रीमची ट्यूब आठवली. ती तिने मागितली नव्हती. मीच आणून ठेवली होती.