कुगरच्या मागे दोन वर्षं

कंपनीने दोन वर्षांसाठी कॅल्गरीला पाठवलं तेव्हा बायको वैतागली आणि मी मनातून खूश झालो. परदेशात येऊन मार्कहॅममध्ये आमचं बस्तान छान बसलं होतं: घर, बेसमेंट, मराठी मंडळाचा गणपती, मुलीची शनिवारची मराठी शाळा. त्या बसलेल्या बस्तानाचाच मला कंटाळा आला होता. कॅल्गरीहून तासाभरात डोंगर लागतात आणि त्या डोंगरांत कुगर असतो. माउंटन लायन म्हणतात त्याला, पण आयाळ नाही की गर्जना नाही. पिवळट, लांब शेपटीचं, आवाज न करता चालणारं मोठं मांजरच ते. ऑफिसातल्या, तिथेच जन्म काढलेल्या लोकांनीही तो पाहिलेला नव्हता. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना.

मी नागपूरचा. वडील वनखात्यात होते, त्यामुळे ताडोबा मला घरासारखं. वडिलांनी जंगलाचा एकच धडा शिकवला होता, गप्प बसायचा. वानर खेकसलं, सांबर ओरडलं, की जीप बंद, तोंड बंद, श्वाससुद्धा बेताने. एकदा मी शिंकलो आणि पाणवठ्यावरची वाघीण उठून निघून गेली. वडील घरी पोहोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

कॅल्गरीत दर रविवारी कॅमेरा घेऊन निघायचो. पंजांचे ठसे मिळाले, खोडावरचे ओरखडे मिळाले, एकदा तर अर्धवट खाऊन पालापाचोळ्याने झाकलेलं हरीण मिळालं. तो काही मिळाला नाही. घरी मुलीचा अभ्यास घेताना माझं लक्ष खिडकीबाहेर. बायको म्हणायची, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या मांजराशी? मी चिडायचो, कारण ती बरोबर बोलत होती.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात मार्कहॅमला परतायचं ठरलं. हातात तीन रविवार उरले आणि माझी नुसती घालमेल सुरू झाली. त्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी मी हट्टाने दोघींनाही बरोबर नेलं. पायवाटेच्या तोंडाशी पाटी होती: कुगर दिसला तर पळू नका, खाली वाकू नका, हात वर करून मोठे दिसा, ओरडा, लहान मुलांना उचलून घ्या. मुलीने ती मोठ्याने वाचली. ती सात वर्षांची होती आणि शाळेतही त्यांना हेच शिकवलं होतं. मी हसलो. ताडोब्यातला वाघ पाहिलेल्या माणसाला ही पाटी कशाला, असं मला अगदी मनापासून वाटलं.

थोडं चालल्यावर बायको एका ओंडक्यावर डबा उघडायला बसली. मी आणि मुलगी वळणापलीकडे ओढ्याकाठी गेलो. खारींची किटकिट चालली होती, ती एकदम थांबली. समोरच्या काठावर, वीस-पंचवीस पावलांवर, खडकावर तो उभा होता.

मी झटकन कॅमेरा डोळ्याला लावला. भीती नव्हती, हाव होती. माझ्या डाव्या बाजूला मुलीने दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि हळूच म्हणाली, "बाबा, वी हॅव टू बी लाउड."

"शू," मी म्हणालो. "खाली बस. हलू नकोस."

ती बसली. मी क्लिक करत राहिलो. त्याने पोट खडकाला टेकवलं आणि त्याच्या शेपटीचं टोक हलायला लागलं. घरात मांजर असलेल्या कुणालाही याचा अर्थ कळतो. मी फोकस सांभाळत होतो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्यात मागून स्टीलच्या डब्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला. जेवायला हाक मारायला आलेली बायको डबा बडवत, तोंडाला येतील त्या शिव्या देत पुढे येत होती. पोळ्या ओढ्यात पडल्या. तिने मुलीला दंडाला धरून उचललं, खांद्यावर घेतलं आणि आणखी मोठ्याने ओरडली. कुगर उठला, क्षणभर थांबला आणि सावकाश झाडीत शिरला.

परतताना ती मुलीला घेऊन मागच्या सीटवर बसली. घरी पोहोचल्यावर एवढंच म्हणाली, "ती बसली, कारण तू सांगितलंस." उरलेले दोन रविवार मी घरीच खोकी भरली.

त्यातला एक फोटो मार्कहॅमला मंडळाच्या प्रदर्शनात लागला. काय नजर आहे, थेट कॅमेऱ्यात बघतोय, असं जो तो म्हणाला. तो कॅमेऱ्यात बघत नाहीये. त्याची नजर जराशी खाली आणि डावीकडे आहे, जिथे माझी मुलगी बसली होती. हे मला घरी आल्यावर, कॉम्प्युटरवर फोटो मोठा केल्यावर कळलं, असं बायको समजते, आणि म्हणूनच तिने मला माफ केलं. पण मला ते तिथेच, कॅमेऱ्याला डोळा लावलेला असतानाच दिसलं होतं. त्यानंतर मी आणखी चार फोटो काढले.