स्पार बुडापर्यंत पाहिला नाही

बहरीनमध्ये मी विमानांच्या देखभालीचं काम करतो. इथं आलो तेव्हा ज्यांनी मला हाताखाली घेऊन शिकवलं, ते रत्नागिरीकडचे एक सीनियर होते. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं, की जन्मभर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, आता एखादं लहानसं जुनं विमान आपलं असावं. सलमाबादच्या एका शेडमध्ये तसं एक दोन सीटचं विमान होतं. मालक देश सोडून चालला होता.

सीनियरांचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून पंख तपासायला त्यांनी मला नेलं. पंखाच्या आतून धातूचा एक कणा जातो, त्याला स्पार म्हणतात. पंखाचा सगळा भार त्याच्यावर. इथल्या खाऱ्या, दमट हवेत तो आतून गंजतो. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो. आधी पांढरी भुकटी सुटते, मग पापुद्रे निघतात.

पंखाखालची झाकणं काढून मी टॉर्च आणि आरसा घालून पाहत गेलो. सगळं स्वच्छ होतं. राहिला तो बुडाजवळचा, म्हणजे पंख विमानाच्या धडाला जोडतो तिथला हातभर भाग. त्यासाठी पेट्रोलची टाकी उतरवावी लागली असती, म्हणजे आणखी अर्धा दिवस. शुक्रवार होता, घरी पाहुणे यायचे होते.

"बुडापर्यंत बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी विमान घेतलं. दोन महिन्यांनी विमान ट्रकवर चढवायला पंख सोडवले, तेव्हा बुडाशी स्पार फुगलेला दिसला. बोट लावताच पापुद्रा हातात आला. घेताना हे तपासलं कोणी, असं सोबतच्या मेकॅनिकनं विचारलं. "यानंच," सीनियर म्हणाले, "पण आतलं आहे, त्याला कसं दिसणार?" मी खाली वाकून सुटलेले बोल्ट गोळा करू लागलो.

दुसरा स्पार कुठे मिळाला नाही. विमान एकदाही न उडता भंगारात गेलं, आणि सीनियर निवृत्त होऊन गावी परतले.

गेल्या दिवाळीत फोनवर मी त्यांना खरं सांगून टाकलं.

"पंख काढले तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "टाकीच्या स्क्रूंवरचा जुना रंगसुद्धा फुटला नव्हता."

मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. त्यानंतर मी त्यांना फोन केलेला नाही.