खळखळलं का वं?

आमच्याकडे आल्या की काकू पाण्याचा पेला हातात घ्यायच्या, पण ओठाला लावायच्या नाहीत. आधी माझ्याकडे बघून विचारायच्या, "खळखळलं का वं?"

नुसतं गरम केलेलं त्यांना चालायचं नाही. मोठमोठे बुडबुडे येऊन पाणी मिनिटभर तरी खळखळ उकळायला हवं, मग झाकून निववायचं. "कोमट पाण्यानं जंतूची आंघोळ होते, बाई. मरत नाही थे," असं त्यांचं म्हणणं.

जुनवानीच्या आमच्या गल्लीत त्या शेजारी राहायच्या. यजमान रेल्वेत गार्ड, त्यामुळे सगळा संसार दुर्ग लाइनवरच्या लहान स्टेशनांच्या क्वार्टरांत झालेला. कुठे विहीर, कुठे हातपंप. ही सवय तिथली. आमचे हे स्टील प्लांटमधून आले की त्यांना चिडवायचे, "काकू, फर्नेसवर ठेवू का तुमचं पातेलं?"

"ठेवा नं. पण झाकण घेऊन जा," काकू म्हणायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बाकीच्या जणी प्लास्टिकचे डबे लुटायचो. या बाईंनी सुपेल्याच्या बाजारातून लांब दांड्याची ओगराळी आणून लुटली. माठात कोणी हात बुडवू नये म्हणून! आम्ही खूप हसलो, पण ओगराळं प्रत्येकीच्या घरी लागलं.

मग एका वर्षी माझी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना लागला होता, आणि नेमकं तेव्हाच नळाला गढूळ, वासाचं पाणी येऊ लागलं. नालीजवळचा पाइप फुटला होता. गल्लीत दोन घरी कावीळ निघाली. पोटुशीला कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ असते, असं डॉक्टरांनी बजावलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

घरात काकूंचं राज्य सुरू झालं. दात घासायला उकळलेलं पाणी, काकडी-टमाटर धुवायला उकळलेलं पाणी. बर्फ बंद. पल्लवी कुरकुरायची, "काकू, बोर कर देते हो आप!" काकू तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि पेला तिच्या हातात द्यायच्या.

त्यातच महालक्ष्म्या बसल्या. संध्याकाळी पंगत मांडली, पुरणपोळी वाढून झाली. माझ्या सासूबाई सोवळ्यात तीर्थ वाटत पल्लवीपाशी आल्या. तिने हात पुढे केला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकूंनी तिच्या तळहातावर आपला हात ठेवला.

"खळखळलं का?"

"अवं, तीर्थ कोणी उकळते का? उकळलं म्हणजे शिजवलं. पूजेले ताजंच पाणी लागते," सासूबाई म्हणाल्या.

इतके दिवस आम्ही थेंबाथेंबाला जपत होतो, आणि देवाचा तांब्या मात्र रोज सरळ नळाखाली भरला जात होता. देवाचं पाणी ते, त्यात काय वाईट असणार? कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मावशी, देवीले दूध तापवूनच दाखवता नं? मग पाण्यानंच काय पाप केलं?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. काकू मग हळूच म्हणाल्या, "यंदा दोन नाही, तीन माहेरवाशिणी आल्या हायेत तुमच्या घरी. तिसरीले जपा."

सासूबाई पल्लवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पंचपात्र माझ्या हातात दिलं. "हे तुळशीत ओत. आणि पातेलं ठेव गॅसवर."

"पळी अन् पंचपात्रही उकळा त्यात," काकूंनी मागून सांगितलं.

पाणी निवेपर्यंत पंगत पानावर बसून राहिली. पोटात कावळे ओरडत होते. आमचे हे म्हणाले, "आधी देवी, मग काकू, मग जेवण." सगळे हसले, सासूबाईसुद्धा. नव्या तीर्थात तुळशीचं पान त्यांनी स्वतः टाकलं.

पुढे पाइप दुरुस्त झाला. पल्लवी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. बारशाला सगळ्यांनी झबली आणली, काकूंनी झाकणाचं पातेलं आणलं.

गेल्या थंडीत काकू गेल्या. माझ्या सख्ख्या मावशीसाठी रडले नव्हते एवढी त्यांच्यासाठी रडले. अजूनही पाण्याचा पेला पुढे केला की त्यांच्या प्रश्नाची वाट बघते.

यंदा महालक्ष्म्यांना पल्लवी लेकीला घेऊन आली. नळाला आता चांगलं पाणी येतं. तरी तीर्थाचं पातेलं गॅसवर होतं आणि सासूबाई त्याच्यापाशी उभ्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून कान देऊन ऐकत होत्या.

"झालं असेल, आई," मी गॅसकडे हात नेला.

"थांब वं. खळखळू दे."

पाणी खळखळलं, झाकून निवलं. मग त्यांनी त्यात तुळस टाकली आणि पहिली पळी पणतीच्या इवल्याशा तळहातावर सोडली.