ओढणीवरची पिन

मेटिक्युलस. हा शब्द कागदावर लिहून सरांनी पिनेनं माह्या ओढणीले लावला आणि मले सगळ्यांच्या मधात उभं केलं.

नागपूरच्या सीताबर्डीतलं ऑफिस. परदेशातल्या कॉलेजांत पोरं पाठवते. माहं काम फोनवर बोलाचं. रोज सकाळच्या मीटिंगमधी सर एक भारी इंग्रजी शब्द देत. वाक्यात नीट वापरता नाही आला, तं कागद लावून दिवसभर उभ्यानं फोन घ्याचे. कॉन्व्हेंटवाले चुकले तं हसण्यावारी जाये. मी चुकली का पिन.

आमच्या आजानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासून घरातलं कोणी कोणापुढं हात जोडून उभं राहिलं नाही. अन् मी उभी. रडू येत होतं, राग त्याहून जास्त. पण सोडून जाऊ कुठं? बाबाचा पाय मोडला, काम बंद. खापा गावचं घर माह्यावर, अन् मले परमनंट करणं सरांच्या हाती.

मग शब्दाच्या मागं हात धुऊन लागली. खाप्याच्या बसमधी इंग्रजी बातम्या ऐकाची. शब्द अडला का अर्थ पाहाची, मग स्वतःचं वाक्य कराची. भाजी निवडता निवडता मायले ऐकवाची. माय म्हणे, "मले समजत नाही वं, पण तू बोल." हळूहळू शब्द तोंडात बसले. खरं सांगते, आवडालेबी लागले.

एक दिवस परदेशातल्या कॉलेजची मॅडम ऑनलाइन आली. तिच्यासंग मीच बोलली, न अडखळता. मॅडम खुश. मले वाटलं, सुटली बाप्पा एकदाची.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमधी सर हसून म्हणाले, "रट्टा चांगला मारते ही. पण हे शब्द घरातून यावे लागतात. तुमच्या लोकांच्या तोंडी उपरेच वाटतात."

सगळे हसले. सर पिन घेऊन माह्याकडं आले. काहून, तं उच्चार बरोबर नाही म्हणे. माह्यापाशी कितीही शब्द झाले तरी यांच्यापाशी पिन राहणारच, हे मले तवा कळलं. मी त्यांचा हात मधातच अडवला.

"सर, शब्द शिकीन. पिन लावून घेणार नाही."

परमनंटचं विसर, म्हणाले.

अजून तिथंच आहो. घर चालवाचं आहे. दुसरी नोकरी शोधून राहिली, इंग्रजीबी शिकून राहिली. ते कोणाच्या बापाची जहागीर नाही. अन् फोन आता मी खुर्चीवर बसून घेते. ज्याले उठवाचं आहे, त्यानं हात लावून पाहावं.