नामदेवच्या मागे लागलेलं ॲप

आमच्या नारायण पेठेतल्या कुरिअरच्या गोडाउनात पार्सलं संध्याकाळपर्यंत संपतात. किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही, ते साठतच जातात. मी तिथे पार्सलं लावतो. शाळा सातवीपर्यंत, पण पत्ता कसलाही वाचतो. डॉक्टरनं लिहिलेलासुद्धा!

यंदा नवं ॲप आलं. मॅनेजर पल्लवी मॅडमनी सांगून टाकलं, "महिनाभर ट्रायल. ज्याला जमणार नाही, त्याची लाईन दुसऱ्याला." नामदेव वीस वर्षं याच पेठेत पार्सलं वाटत फिरतोय. त्याचा चेहरा पडला, आणि मला चेव आला.

•

ॲपमधली बाई रस्ता सांगते. मी नामदेवला म्हटलं, "तिला उत्तर द्यायचं असतं. नाहीतर रेटिंग कापते." बिचारा दोन दिवस "हो ताई, वळतो ताई" करत फिरला. चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, "काय हो, गाडी चालवताना मोबाईलवर बोलता?"

"मी कुठे साहेब, त्याच बोलतायत!"

•

ग्राहकानं पिन टाकली तिथे पोचल्याशिवाय डिलिव्हरीचं बटण चालू होत नाही. एकाची पिन थेट मुठेच्या पात्रात! (यात माझा हात नव्हता. शप्पथ!) नामदेवनं काठावरून फोन केला.

मॅडम म्हणाल्या, "थोडं पुढे जा."

"अजून पुढे गेलो तर मीच डिलिव्हर होईन!"

•

दारात पार्सलचा फोटोही काढावा लागतो. मी पढवलं, "ग्राहक हसताना दिसला पाहिजे." पहिलंच दार लेलेबाईंचं. रिटायर्ड शिक्षिका, तिसरा मजला. नामदेव म्हणाला, "बाई, जरा हसा."

"खोक्याचा काढा. मला कोणी मागवलेलं नाही."

•

ट्रायल निम्मी उलटली आणि गावी नामदेवचे वडील गेले. दिवसकार्य उरकून तो शेवटच्या दिवशी हजर झाला. डोकं, मिशी, सगळं सफाचट.

ॲप सकाळी आधी चेहरा बघतं, मगच कामावर घेतं. ते म्हणे, "चेहरा जुळत नाही." दोनदा! तिसऱ्यांदा चुकलं की आयडी बंद. मॅडमनी हेल्पलाईनला फोन लावला. तिकडून उत्तर, "तीन दिवस लागतील." ट्रायल तर आजच संपत होती. नामदेव टोपी हातात घेऊन नुसता बसून राहिला. मलासुद्धा चेष्टा सुचेना.

मग आठवलं, मंडळाच्या नाटकातली मिशी माझ्याकडेच पडून आहे. पळत जाऊन आणली, डिंकानं चिकटवली. टोपी आयडीच्या फोटोत होतीच. "हलू नकोस," म्हटलं, आणि मोबाईल समोर धरला.

हिरवी टिक!

गडबडीत मिशी तशीच राहिली. पहिलं पार्सल लेलेबाईंचं. मिशी कुठे गळते ते बघायला मीही मागोमाग जिना चढलो. बाईंनी जाळीच्या दारातून नामदेवकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई, ओटीपी सांगता?"

"सांगते. आधी ती मिशी काढा." त्यांनी कडी काढली. "आणि आत येऊन बसा. आई का वडील?"